पऱ्हाटीच्या गॅसवरचा चहा

पऱ्हाटी जळाल्याचा वास आला की मुकुटबनची ती दुपार आठवते. पऱ्हाटीपासून, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांपासून, स्वयंपाकाचा गॅस करणारं यंत्र आमच्या संशोधक मॅडमनी कित्येक वर्षं खपून तिथे उभारलं होतं. मी त्यांचा सहायक. त्या दिवशी ज्योत पहिल्यांदा निळी, स्थिर जळाली. गावातल्या एका काकूंनी तिच्यावर चहा ठेवला. तेवढ्यात मॅडमना वरिष्ठांचा फोन आला. "प्रकल्प बंद केलाय," त्या मला हळूच म्हणाल्या. "काहून गप झाल्या मॅडम? गॅस बंद करू काय?" काकूंनी विचारलं. "नको, चहा होऊ द्या." आम्ही तिघांनी चहा घेतला. मग मॅडमनी स्वतःच गॅसची कळ फिरवली. परतताना जीपमध्ये मला वाटलं, घरी गेल्यावर रडू येईल. ते अजून आलेलं नाही.