जाधव म्हणजे कोणते जाधव?

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहून राह्यले.

माझी भाची कोमल घनसावंगीची, शिकायला माझ्याकडं मस्तगडला राहते. परवा ती भालाफेकीत राज्यात पहिली आली. काल एका बातमीदाराचा फोन आल्ता. पोरगी रोज पहाटे मैदानावर कशी जाते, ते मी कौतुकानं सांगायला लागले. त्यांनी मधेच अडवलं.

"ते बराबर आहे ताई, पण जाधव म्हणजे कोणते जाधव?"

"घनसावंगीचे," म्हणलं अन् फोन ठेवला.

आज मथळा आला, 'अमुक समाजाच्या लेकीची भरारी'. आडनावावरून अंदाजानं समाज ठोकून दिला, अन् तो आमचा न्हाईच. त्या समाजाच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. खरं कळलं तसे जल्दी मेसेज डिलीट झाले. मंग आमचे लोक जागे झाले. "पेपरचा निषेध, ती आपली लेक आहे." पोरीच्या जातीला भाला कशाला, असं वर्षभर म्हणणारे हेच.

ज्यांना कधी संधीच मिळाली न्हाई, त्यांनी आपला समाज अभिमानानं सांगावा, पेपरानं तो छापावा. पण तिला विचारायचं तरी.

कोमलनं बातमी वाचली अन् म्हणली, "आत्या, ह्यात भाला कुठंय?"

मी परत वाचली. समाज दर ओळीत होता. भाला कुठंच नव्हता, नुसतं 'क्रीडा स्पर्धेत यश'.

तुम्हीच सांगा, हे कौतुक नेमकं कोणाचं झालं?