बीप ऐकू येईपर्यंत

ऑफिसात तिला सगळे सूचनाबाई म्हणत. कानात घालायच्या श्रवणयंत्राबरोबर फोनवर जे ॲप चालतं, त्यातली मदतीची पानं ती लिहायची. सवय इतकी अंगात मुरलेली, की घरच्या फ्रिजवरही तिने चिठ्ठी डकवली होती, 'दार हळू लावावे.' वडील म्हणायचे, आता एक माझ्या कपाळावरही लाव.

बाबांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. नुसत्या टिकटिकीवरून त्यांना घड्याळाचं दुखणं कळायचं, आणि नेमका त्यांनाच कानांनी दगा दिला. लेकीने मोठ्या हौसेने आपल्याच कंपनीचं यंत्र आणून दिलं. पण बाबा दिवसेंदिवस गप्पच होत चालले. जेवताना नात काहीबाही सांगायची, हे उगाच मान हलवायचे, सगळे हसले की तेही हसायचे. हल्ली नातही त्यांना फारसं काही सांगेनाशी झाली होती. विचारलं की म्हणायचे, यंत्र झकास आहे. म्हातारा हट्टाने वापरत नाही असं वाटून ती एकदोनदा त्यांच्यावर डाफरलीसुद्धा.

मदतीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक प्रश्न असे, 'या पानाचा उपयोग झाला का?' खाली 'होय' आणि 'नाही' अशी दोन बटणं, आणि मनातलं लिहायला एक चौकट. बटणं किती दाबली गेली याचे रंगीत तक्ते निघत. चौकटीत लोक काय लिहितात, ते मात्र वाचायचं कुणी हे कधी ठरलंच नव्हतं. यंत्र चालू करून फोनला जोडायचं तिचं पान 'होय'मध्ये सगळ्यांत पुढे होतं, आणि तिला त्याचा चांगलाच तोरा होता.

नवी आवृत्ती यायची होती, जुन्या चौकटी पुसल्या जाणार होत्या. पुसण्याआधी नजर टाकावी म्हणून तिने आपल्या त्या लाडक्या पानापासूनच सुरुवात केली. कुणी लिहिलं होतं, अंगठा दुखला, बीप काही येत नाही. आणखी कुणी लिहिलं होतं, बीप ऐकू आली असती तर यंत्र कशाला घेतलं असतं?

तिने आपलं वाक्य पुन्हा वाचलं. 'बीप ऐकू येईपर्यंत बटण दाबून ठेवा.' बीपनंतरही दाबून धरलं, तर यंत्र पुन्हा बंद व्हायचं. टीममधल्या सगळ्यांनी ते तपासलं होतं, आणि सगळ्यांचे कान ठणठणीत होते.

तिने हे दाखवल्यावर टीमलीडनेही कपाळावर हात मारला. मग त्याने विचारलं, असं असेल तर सारखं 'होय' दाबतंय कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. ते पलंगाच्या कडेला बसले होते. मांडीवर फोन, त्यात तिचंच पान, आणि अंगठा यंत्राच्या बटणावर. पूर्वी घड्याळावर वाकायचे तसेच वाकले होते. बराच वेळ वाट पाहून त्यांनी बटण सोडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. शेवटी तसंच बंद यंत्र कानात घातलं, पान खाली सरकवलं आणि 'होय' दाबलं.

ती शेजारी बसली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "बाबा, जमत नाही तर 'होय' का दाबता?"

ते चोरी पकडल्यासारखे ओशाळले. "तू लिहिलंयस ना. 'नाही' दाबलं तर तुझ्या साहेबांना कळेल. आणि चूक माझीच असणार गं, बोटांत पूर्वीचा जोर राहिला नाही."

आपण या माणसावर डाफरलो होतो. तिने यंत्र काढून त्यांच्या हातात दिलं, त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि यंत्रावरचा बारीक दिवा लालचा हिरवा होईपर्यंत दाबून धरला. मग यंत्र परत कानात बसवलं. बाबा दचकले. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "रडू नकोस. ऐकू येतंय मला."

पानावरच्या वाक्यात बीपच्या जागी हिरवा दिवा त्याच दिवशी आला. चौकटीत जे येईल ते, ज्याचं पान त्याने रोज वाचायचं आणि उत्तर द्यायचं, हेही तिने टीमलीडच्या मागे लागून ठरवून घेतलं. बाबांना बजावलं, कळलं नाही तर 'नाही' दाबायचं, माझी भीड धरायची नाही.

थोड्याच दिवसांत चार्जिंगच्या पानावर एक 'नाही' आला. नाव नव्हतं, पण तो कुणाचा हे तिला वाचताक्षणी कळलं. चौकटीत लिहिलं होतं, 'अक्षर फार बारीक आहे. लिहिणारीला रागावू नये.'