सूअर रोज बारह

तुम्ही म्हणाल, एका कारकुनाच्या हातून चुकून चुकून असं काय चुकणार? चहा घ्या आणि ऐका. मी एकदा बसल्या जागी, टाक आणि दौत एवढ्याच हत्यारांनिशी, बुलढाणा जिल्ह्यात दोन हजार नऊशे चाळीस रानडुकरं पैदा केली होती. सरकारी शिक्क्यासह.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. सांगलीकडचा माणूस, मामाच्या ओळखीनं वऱ्हाडात आलो आणि बुलढाण्याला जंगलखात्याच्या कचेरीत टेंपररी कारकून म्हणून चिकटलो. वर्षभर काम पाहून कायम करू, असं साहेबांनी सांगितलं होतं. म्हणजे माझं वागणं कसं असणार? साहेब शिंकले तरी मी ते टिपून ठेवायचो.

त्या कचेरीत दिवाळी झाली की एक तक्ता करायचा असे. वर्षभरात कुठल्या जंगलात कोणती जनावरं आणि पाखरं दिसली, किती दिसली, त्याचा. प्रत्येक जंगलावर एक नाकेदार, म्हणजे पहारेकरी असायचा. तो आपल्या हद्दीतली गणती चिठ्ठीवर लिहून पाठवायचा, आम्ही त्या चिठ्ठ्या एका मोठ्या कागदावर उतरवायच्या आणि कागद नागपूरला रवाना करायचा. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळं आमच्याकडची लांडोर आणि लांडगा दोघांनाही नागपूरला हजेरी द्यावी लागे.

आमचे हेडक्लार्क हे काम अर्ध्या तासात उरकायचे. गेल्या वर्षीचा तक्ता पुढ्यात घ्यायचा, कुठं एक मोर वाढवायचा, कुठं एक तरस कमी करायचं, झालं. त्या वर्षी ते मुलीच्या लग्नाला अकोल्याला निघाले तेव्हा मला म्हणाले, "जुन्यावरून उतरवून टाक. जनावरं कुठं बदली होऊन जातात?"

आता इथंच मी त्यांचं ऐकलं असतं तर? पण मला कायम व्हायचं होतं ना. मी ठरवलं, यंदाचा तक्ता असा करायचा की नागपूरवाल्यांनी विचारावं, हा कोण कारकून आहे. ते त्यांनी पुढं विचारलंच.

मी सगळ्या चिठ्ठ्या काढून बसलो. बहुतेक सरळ होत्या. सातपुड्याच्या पायथ्याची एक चिठ्ठी मात्र हिंदीत होती. तिथला नाकेदार रामलाल, निमाडकडचा माणूस. त्यानं सगळं एका दमात लिहिलं होतं, मध्ये ना टिंब ना रेघ. 'मोर सात तीतर बहुत सूअर रोज बारह.'

मोर सात, कळलं. तीतर बहुत, तेही कळलं. सूअर रोज बारह. म्हणजे डुकरं दररोज बारा. बरोबर? तुम्हीही असंच वाचलं असतं. नसतं वाचलं तर तसं सांगू नका.

तरी खात्री करावी म्हणून मी दाजीबांना विचारलं. दाजीबा आमच्या कचेरीतले जुने चपराशी, धाड गावाकडचे. अर्धं आयुष्य जंगलात नाकेदारी करून आता पाय दुखतात म्हणून कचेरीत बसलेले.

"दाजीबा, सातपुड्याच्या पायथ्याला डुकरं बरीच आहेत का हो?"

"लई हायेत बाबूजी. जवारी उभी राहू देत नाईत."

"रोज बारा दिसत असतील?"

"बाराचं काय घेऊन बसले? एखांद्या रोजी वीस बी दिसतीन."

झालं. साक्षीदारही मिळाला. आता तक्ता होता वर्षाचा आणि आकडा होता रोजचा. शाळेत गणितात मी कधी मागं पडलो नव्हतो. बारा गुणिले तीनशे पासष्ट. पण मी घाई केली नाही. म्हटलं, पावसाळ्यात गवत वाढतं, नाकेदाराला दिसणार काय? उगाच फुगवून सांगणं बरं नाही. म्हणून चार महिन्यांचे एकशेवीस दिवस वजा केले. उरले दोनशे पंचेचाळीस. गुणिले बारा, दोन हजार नऊशे चाळीस. पाठीमागं ताळा करून पाहिला. गुणाकार अगदी बिनचूक होता.

गेल्या वर्षी त्याच रकान्यात आठ डुकरं होती. मला वाटलं, बघा, नुसतं उतरवून काढल्यानं सरकारची किती फसवणूक होत होती.

साहेब आमचे जबलपूरकडचे. मराठी समजायची, बोलायचे हिंदीत. त्यांनी सहीच्या वेळी एवढंच विचारलं, "बाबू, ठीक से देख लिया?"

मी म्हटलं, "जी साहेब, एक-एक आकडा." साहेबांनी माझ्या शब्दावर सही केली.

दोन महिने काही झालं नाही. मग नागपूरहून पत्र आलं. सदर जंगलात डुकरांची संख्या एका वर्षात आठावरून दोन हजार नऊशे चाळीस कशानं झाली, पिकांच्या रक्षणासाठी काय तजवीज केली, आणि ही माहिती कोणी गोळा केली, हे तातडीनं कळवावं. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि मला बोलावलं. मी इतका निर्धास्त होतो की म्हणालो, "साहेब, प्रत्यक्षात जास्तच असतील. मी पावसाळा वजा केला आहे."

ही बातमी कचेरीतून बाजारात जायला किती वेळ लागतो? आठवडी बाजाराचा एक दिवस पुरला. पायथ्याच्या गावांना आता बंदुकीची लायसनं मिळणार, अशी आवई उठली. आणि तिसऱ्या दिवशी धाडकडचे एक पाटील, बरोबर चार शेतकरी घेऊन, माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"बाबूसाहेब, त्याईच्या जंगलात तीन हजार डुकरं लिहले म्हनते तुमी."

"दोन हजार नऊशे चाळीस."

"अन् आमच्या इकडं?"

मी तक्ता पाहून सांगितलं, "अकरा."

पाटलांनी मागं वळून आपल्या माणसांकडं पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "असं काऊन? आमी का सारा भरत नाही? त्याईले तीन हजार अन् आमाले अकरा?"

"पाटील, जेवढी दिसली तेवढीच लिहिली."

"माह्या एकट्याच्या वावरात चाळीस येतात. जास्त नोका लिहू, पन हजारभर तं लिहा. बाकीच्या गावाईपेक्षा कमी दिसलं तं गावात तोंड काय दाखवू मी?"

त्यांची समजूत घालता घालता दुपार गेली. दुसऱ्या दिवशी मेहकरकडचे लोक आले. त्यांना पाचशेवर समाधान होतं. आठवडाभरात जिल्ह्यातल्या निम्म्या गावांना आपापली डुकरं वाढवून हवी होती. साहेब खिडकीतून ही गर्दी बघायचे. शेवटी ते म्हणाले, "कल हम ख़ुद जाकर देखेंगे. तुम भी चलो." मी दाजीबांनाही बरोबर घेतलं, कारण जंगल म्हटलं की मला वाट सापडत नसे.

घाट उतरून, मलकापूरवरून पुढं मोटारीनं, आणि शेवटचे काही मैल बैलगाडीनं. रामलाल नाक्यावर साफा बांधून उभा होता. वाळलेल्या अंगाचा, मिशा पिकलेला माणूस. साहेबांनी उतरल्या उतरल्या विचारलं, "रामलाल, सूअर कितने हैं तुम्हारे यहाँ?"

"होंगे हुज़ूर, दस-पाँच."

"काग़ज़ पर तो क़रीब तीन हज़ार हैं."

रामलालनं आधी साहेबांकडं पाहिलं, मग जंगलाकडं, जणू त्याच्या पाठीमागं रात्रीतून काही घडून गेलं असावं. म्हणाला, "हुज़ूर, मैंने तो सूअर की गिनती लिखी ही नहीं. सूअर गिनने कौन रुकता है? दिखे तो आदमी पेड़ पर चढ़ता है."

मला आता बोलणं भाग होतं. मी पिशवीतून त्याची चिठ्ठी काढली आणि साहेबांच्या हाती दिली. "साहेब, हे पाहा. याच्या स्वतःच्या अक्षरात आहे. सूअर रोज बारह."

साहेबांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "बाबू, रोज माने?"

"दररोज, साहेब."

गाडीचे बैल तेवढे रवंथ करत होते. रामलालनं नुसता हात वर केला आणि समोरच्या तुरीच्या वावराकडं बोट दाखवलं. तिथं घोड्याएवढी काही जनावरं तुरीत माना घालून उभी होती. एक काळसर निळं, बाकीची तांबूस.

"वो रहे हुज़ूर. रोज. बारह हैं."

मला तरी उलगडा होईना. मी दाजीबांकडं झुकून विचारलं, "हे काय म्हणतोय?"

दाजीबा खाली मान घालून म्हणाले, "बाबूजी, रोही हाये ते. आपल्या इकडं रोही म्हनते, त्याईच्या मुलखात रोज म्हनते."

"आणि रोही म्हणजे?"

"नीलगाय."

मी नीलगाय त्या दिवसापर्यंत पाहिलीच नव्हती. सांगलीला कुठली असायला? ज्या जनावरांचा तक्ता मी केला होता त्यांतली निम्मी मला फक्त शुद्धलेखनापुरती ठाऊक होती. ते विचारायची मला लाज वाटली होती. कुणाला? दाजीबांना. ते तर माझ्या शेजारच्या बाकावरच बसत.

वाटलं, आता कायम व्हायचं तर राहिलंच, इथूनच मलकापूर स्टेशनावर सोडतात की काय. साहेबांनी मात्र आवाज चढवला नाही. ते म्हणाले, नागपूरला खुलासा तू तुझ्या हातानं लिहायचा, त्यात तुझा गुणाकारही दाखवायचा, आणि कायम करण्याचा विचार पुढच्या वर्षी. मग थोडं थांबून म्हणाले, उद्या सकाळी तू स्वतः जाऊन या नीलगाई मोजून ये. यापुढं जे स्वतः पाहिलं नाही, ते लिहायचं नाही.

शिक्षा म्हणावी तर हलकीच होती. पण खरं सांगतो, ती मला शिक्षा वाटलीच नाही. मी मनाशी म्हटलं, एवढं तरी चोख करायचं.

सकाळी, नुकतं तांबडं फुटलं होतं तेव्हा, मी आणि दाजीबा नाल्याच्या काठी बाभळीआड जाऊन बसलो. थंडी मी म्हणत होती. बऱ्याच वेळानं पलीकडच्या झाडीतून पहिला निळा नर बाहेर आला, थांबला, कान हलवले आणि पाण्याकडं उतरला. त्याच्या मागं एकेक करत तांबड्या माद्या. एवढं देखणं जनावर, आणि मी त्याला दररोज म्हणून मोकळा झालो होतो. पलीकडं कुठल्याशा देवळातली घंटा बारीक किणकिणत होती. मी वहीत एकेक रेघ मारत गेलो. दोनदा मोजलं, ताळा करून पाहिला.

कळप पाणी पिऊन परत फिरला तेव्हा मी दाजीबांना म्हटलं, "सतरा. रामलालला पाच कमी दिसली होती. बघा, स्वतः मोजण्यात हा फायदा असतो."

दाजीबांनी माझ्या वहीतल्या रेघा पाहिल्या. मग झाडीकडं पाहिलं.

"सतरा खरे बाबूजी," ते म्हणाले, "पन मांगच्या पाच रामलालच्या गाई हायेत. त्याईच्या गळ्यात घंट्या वाजून राह्यल्या व्हत्या ना."

मी खिशात खोडरबर शोधायला लागलो.