माळकरी आबांचा गिमलेट

माझ्या आजोबांनी जन्मात दारूचा एकच घोट घेतला. आणि तो घेताना त्यांना वाटत होतं, यात विष असणार.

आज आबांना जाऊन वीस वर्षं झाली. ही गोष्ट आमच्या घरात कुणी बाहेर सांगत नाही.
मी सांगते. घरचे वाचतील. वाचू देत.

आबा वरवे बुद्रुकचे. शेतकरी घर, गळ्यात तुळशीची माळ. आणि नोकरी कसली, तर भोरजवळ धरणाची देखरेख करणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर ड्रिंक्स बनवायची.

स्वतः थेंबही न चाखता.

पिंक जिन, मार्टिनी, गिमलेट, सगळं नाकानं आणि डोळ्यांनी. पिंक जिनसाठी ग्लासात बिटर्सचे, म्हणजे कडू अर्काचे, तीन थेंब टाकायचे, ग्लास फिरवून काचेला लावायचे, उरलेले ओतून द्यायचे, मग जिन. मार्टिनी शेकरमध्ये हलवायची नाही, लांब चमच्यानं ढवळायची. हलवली की "गढूळ व्हती". चव जमली का, ते साहेबाच्या भुवयांवरून कळायचं.

मला मार्टिनी झेपत नाही. परफ्यूम प्यायल्यासारखं वाटतं. मी गिमलेटवाली. दोन भाग जिन, एक भाग लिंबाचा पाक, भरपूर बर्फ, आणि शेकर हातात धरवत नाही इतका गार होईपर्यंत हलवायचं. हे प्रमाण आबांचंच.

लढाई सुरू झाली आणि लिंबाच्या पाकाची विलायती बाटली यायची बंद झाली. मग आबा तो स्वतःच करायला लागले. कागदी लिंबाची साल साखरेत चोळून मुरवायची, रस घालायचा, गाळून बाटलीत भरायचा. बर्फ पुण्याहून लाकडाच्या भुशात गुंडाळून मोटारीनं यायचा.

बेचाळीस साल. चळवळीत टेलिफोनच्या तारा तुटत होत्या, धरणावर पहारा बसला होता. नसरापूरच्या बाजारात ओळखीची माणसंसुद्धा एकमेकांशी हळू आवाजात बोलायला लागली होती.

एका दुपारी आजीचा भाऊ सदाशिव बंगल्याच्या मागच्या दारी आला. तो भूमिगत आहे हे आबांना माहीत होतं. त्यानं पाणी मागितलं. आबा विहिरीवर गेले. परत आले तर सदाशिव बाटल्यांच्या खोलीतून बाहेर येत होता.

पाणी प्यायला. आला तसा निघून गेला.

यानं साहेबासाठी कशात विष तर कालवलं नाही, असं आबांच्या मनात आलं. त्यांनी एकेक बाटली उजेडात धरून पाहिली, वास घेतला. काही कळेना. पाक ओतून द्यावा असं मनात आलं, पण दुसरा नव्हता, आणि का ओतला हे साहेबाला काय सांगणार? शिवाय सख्ख्या मेव्हण्यावर असला संशय घ्यायची लाज वाटली.

त्याच संध्याकाळी पुण्याहून एक गोरा पोलीस अधिकारी आला. साहेबानं दोन गिमलेट मागवले.

आबा ट्रे घेऊन व्हरांड्यात गेले. अधिकारी त्यांच्या हातांकडे बघत होता.
ट्रेवरचे ग्लास किणकिणत होते.

हा का घाबरलाय, असं त्यानं साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, माझा जुना माणूस आहे, भरवशाचा. अधिकाऱ्याला ते पटलं नाही. तो आबांकडे वळला.

"पहले तुम पियो."

साहेबानं सांगून पाहिलं की हा पीत नाही, याचा धर्म आहे. अधिकाऱ्यानं पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं.

आबा मला सांगायचे, "पिस्तुलाचं एवढं भ्या न्हवतं. प्यालो न्हाई, तर समदं घर आत. प्यालो, आन सदानं खरंच काय घातलं असंल, तर म्या मेलो."

बंगल्यामागच्या खोलीत आजी होती. तिच्या पोटात माझे वडील.

आबांनी गळ्यातली माळ काढून ट्रेवर ठेवली. ग्लास उचलला आणि अर्धा एका दमात प्यायले.

घसा जळाला. छातीपर्यंत आग उतरली.

या माणसानं जिन कधी चाखलेली नव्हती. ती अशीच जळते, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

त्यांना वाटलं, झालं. विषच.

पण तोंड उघडलं असतं तर सदाशिव फासावर गेला असता. ते तसेच ताठ उभे राहिले. अधिकारी बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मग त्यानं दुसरा ग्लास कुंडीत ओतला आणि सीलबंद बाटलीतली व्हिस्की मागितली.

ती देऊन आबा मागच्या पायरीवर जाऊन बसले. मरायची वाट बघत. आजी आली, काय झालं विचारलं. ते एवढंच म्हणाले की जरा हितं बस. तीही बसली. आत जेवणाची घंटा वाजली तेव्हा आबांना कळलं की कान तेवढे तापलेत, बाकी आपण जिवंत आहोत. उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी बाटल्या पुसताना फळीच्या मागे खोचलेला चळवळीच्या छापील पत्रकांचा गठ्ठा सापडला. सदाशिव तेवढाच ठेवायला आला होता. आबांनी एकही न वाचता सगळी बंबात घातली. त्यांनी सदाशिवला कधी विचारलं नाही. त्यानंही कधी सांगितलं नाही.

माळ मात्र आबांनी पुन्हा घातली नाही. गावातल्या बुवांनी समजावलं, जिवाच्या भीतीनं घेतलेला घोट देव मनावर घेत नाही. तरी नाही.

शेवटच्या वर्षी मी विचारलं, का?

आबा म्हणाले,

"पायरीवर बसलो हुतो. वाटलं, चाललो आता. अशा वक्ताला मानसाच्या मनात इठ्ठलाचं नाव याया पायजे. आन माज्या मनात काय आलं, तर पाकात साखर कमी पडली."

हे सांगताना ते हसत नव्हते. डोळ्यांत तीच भीती होती, साठ वर्षांनंतरही.

आबा, तुम्ही गेलात तेव्हा ओठ हलत होते. मी कान लावला, पण ऐकू आलं नाही.
नावच असेल, असं मी धरून चालते.

तुमच्या नातीचा नमस्कार.