लालभडक कल्ला

बाजारात माझी गरोदर नात रोहूचा कल्ला उचलून बघत होती, अगदी मी शिकवलं तसा. "आजी, लालभडक आहे. घेऊ?"

तिच्या वयात मी केवढी पारखी. कल्ला उचलायचे, पोट दाबायचे आणि मासेवालीला सुनवायचे, "मला फसवणारा मासा अजून जन्मायचाय." तोरा बघावा माझा.

आता डॉक्टरीणबाई सांगतात, शेतांतलं फवारणीचं विष वाहत आमच्या गावच्या तलावात येतं, तिथल्या माशाच्या चरबीत मुरतं, पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतं. ह्याच तलावानं माझी तीन बाळंतपणं पोसली. त्याच्यावर कसला संशय घ्यायचा?

मीही कल्ला उचलला. लालभडकच.

"राहू दे गं."

"का, शिळा आहे?"

"नाही, ताजा आहे. मला फसवणारा जन्मला शेवटी."

मासेवाली हसली नाही. मीही नाही.