ताईचं गाणं आणि गच्चीवरची अँटेना

मी सातवीत होते आणि ताई नववीत. मुंबईच्या टीव्ही केंद्रावर मुलांच्या कार्यक्रमात गायला आमच्या शाळेतल्या सहा मुली जायच्या होत्या. गाण्याच्या बाईंनी आम्हा दोघी बहिणींना एकेक कडवं म्हणायला लावलं. ताईचं नाव लिहून घेतलं आणि मला म्हणाल्या, "आवाज खणखणीत आहे गं तुझा, पण सुरात नाही." वर्गासमोर म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरात ताईचं सगळंच वेगळं झालं. आईने ठेवणीतली साडी फाडून तिला परकर-पोलकं शिवलं. घसा बसेल म्हणून तिला चिंच बंद, आणि तिच्या वाटणीचं विहिरीचं पाणी भरणं माझ्याकडे. एके दिवशी बोईसरहून गाडीने ती बाईंबरोबर मुंबईला जाऊन आली. मग पुढे कितीतरी दिवस तेच. तिथले दिवे किती प्रखर, तोंडाला पावडर कशी लावली, 'शांतता' म्हटल्यावर माणसं श्वाससुद्धा कसा रोखून धरतात. मी ऐकत नाही असं दाखवायचे आणि शब्दन् शब्द ऐकायचे.

कार्यक्रम एका रविवारी संध्याकाळी लागणार होता. आमच्या गावात तेव्हा टीव्ही नव्हता. आई वाडीतली भाजी घेऊन तारापूरच्या कॉलनीत जायची, तिथे तिच्या कायमच्या गिऱ्हाईक असलेल्या एका वहिनींकडे होता. "सगळे या," त्या म्हणाल्या. बाबांनी धुतलेली टोपी घातली आणि आम्ही चौघं चालत निघालो.

पोचलो तेव्हा कार्यक्रम सुरू व्हायला तास-दीड तास होता. टीव्हीला कपाटासारखी लाकडी दारं होती आणि ती बंद होती. आम्ही त्या बंद दारांकडे बघत बसलो. शेजारचे लोक येत गेले. आम्ही सगळे सतरंजीवर. वहिनींनी ताईला मात्र हाताला धरून खुर्चीवर बसवलं. "आज ही पाहुणी," त्या म्हणाल्या. ताई पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून बसली, जणू जन्मभर खुर्चीवरच बसत आली होती.

दारं उघडली. आधी नुसत्या मुंग्या, मग ते गोल फिरणारं चिन्ह आणि लांबलचक सूर. पहिला कार्यक्रम शेतीचा. एक शर्टपँटवाले गृहस्थ भाताच्या रोपांविषयी सांगत होते. बाबा पुढे सरकून म्हणाले, "यांनी कदी चिखलात पाय घातलेला नाय." सगळे हसले. मग कुणाची तरी मुलाखत झाली, ती कुणालाच कळली नाही, तरी कुणी हललं नाही. आणि नेमकं मुलांच्या कार्यक्रमाचं नाव आलं तेव्हा चित्र वाकडं व्हायला लागलं.

"गच्चीवर जाऊन कुणीतरी अँटेना फिरवा," वहिनींचे यजमान म्हणाले. मी उठले. खरं सांगायचं तर त्या खुर्चीच्या पायाशी बसून मला ताईला बघायचं नव्हतं.

गच्चीवर अँटेनाचा पाइप माझ्यापेक्षा दुप्पट उंच होता. मी तो दोन्ही हातांनी फिरवला. खालच्या खिडकीतून यजमान ओरडले, "अजून थोडं. बास. तसंच धरून ठेव."

मी धरून ठेवलं. मग सहा मुलींचा आवाज वर आला, आणि पहिल्या कडव्यानंतर एकटीचा. ताईचा. एकटीने गायचंय हे तिने मला सांगितलंच नव्हतं. खालून आईचा आवाज आला, "ती बगा. ती आमची हाय." आई माझ्याबद्दल कधी असं बोलली नव्हती.

मी पाइप फिरवला. मुद्दाम. खाली एकच कल्ला झाला. "गेलं, गेलं! इकडे फिरव!" मी थोडा इकडे फिरवला आणि मग पुन्हा तिकडे. गाणं मला पाठ होतं. शेवटचं कडवं संपल्याची खात्री झाली, तेव्हाच पाइप जागेवर आणला.

खाली आले तर पडद्यावर कुणीतरी कठपुतळ्या नाचवत होतं. वहिनींनी माझ्या हातावर लाडू ठेवला. "बिचारी किती वेळ उभी होती," त्या म्हणाल्या. "वाऱ्यानं झालं," आई म्हणाली. ताईने माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. तो लाडू मी खाल्ला, पूर्ण खाल्ला. गाणं पुन्हा कधीच दाखवलं नाही. आईने ताईला टीव्हीवर एकटीने गाताना बघितलं ते तेवढंच, पुरतं एक कडवंसुद्धा नाही.

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या दिवाळीत ताईच्या बोईसरच्या घरी आम्ही दोघीच करंज्या भरत होतो, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. माझे हात थांबले होते. तिचे चालूच होते.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "खिडकीतून नारळाची झाडं दिसत होती. एकसुद्धा झावळी हलत नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"आईला बोलले ना, त्याच रात्री. ती म्हणाली, तिला काय बोलू नको, तिला वाईट वाटंल. मग नाही बोलले."

म्हणजे आईला माहीत होतं. माझं लग्न झालं, मुलं झाली, शेवटच्या आजारपणात तिचे पाय मी चेपले, तेव्हाही माहीत होतं. दोघींनी इतकी वर्षं मला सांभाळून घेतलं, मला कळू न देता. मला त्याची लाज वाटायला हवी होती, वाटलीही. पण त्याच्याआधी, करंजीची कड दाबता दाबता, जे मनात आलं ते वेगळंच होतं. आईबरोबर माझं एकटीचं असं एकही गुपित नव्हतं. ताईचं होतं.