शेजारच्या बाकावरची

पाळी बंद होऊन वीस वर्षं झाली आणि अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागलं, तेव्हा नातीनं मला बीडला नेलं. गर्भपिशवीतला बारीक तुकडा काढून तपासायचा, दहा मिनिटांचं काम, संध्याकाळपर्यंत नांदूरघाटला परत. तुकड्याची मला भीती नव्हती. भीती भुलीची. आपण जागं असायचं आणि समोरच्याला वाटायचं, निजली.

हे मी स्वतः केलंय म्हणून सांगते. तिशीच्या आत होते, तीन लेकरांनंतर शाळेतल्या नसबंदीच्या शिबिरात ऑपरेशनला गेलते. दोन-दोन बाकं जोडून बायांना ओळीनं निजवलेलं. सुई दिली तरी मला काही झोप येईना. पण सासूबाई दारात उभ्या. मग काय, शहाण्या सुनेनं डोळे गच्च मिटले, ओठ आवळले आणि सुरी फिरली तरी हूं केलं नाही. शेजारच्या बाकावरची मात्र माझा पदर धरून सिस्टरला सांगत होती, "बाई, मला समजतंय समदं. थांबा जरा."

सिस्टरनं माझ्याकडं बोट केलं. "ती बघ कशी निजलीय. तुझंच एकटीचं नाटक हाय."

मी डोळे उघडले नाहीत.

पदराला एक हिसका बसला, मग हात सुटला. ती कुठली, तिचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. मी मात्र जावांपुढं वर्षानुवर्षं मिरवलं, की मला तर कळलंसुद्धा नाही. असली गुणी बया! पदर अजून ओढला जातो. भाजी निवडताना, जीपमध्ये दाटीवाटीनं बसल्यावर. वळून बघते, तर कुणी नसतं.

बीडच्या दवाखान्यात भुलीच्या मॅडमनी कपाळावर एक पट्टी चिकटवली. मेंदू किती जागा आहे ते या पट्टीवरून कळतं, त्यावरून औषध किती सोडायचं ते एआय ठरवतं, आणि त्या स्वतः शेजारी बसून राखण करतात, असं त्यांनी समजावलं. म्हटलं, बघू तर खरं. औषध सुरू व्हायच्या आधीच मी डोळे मिटले, श्वास लांबवला, वर बारीकसं घोरलेसुद्धा. जुनी कला.

मॅडम हसल्या. "आजी, कुणाला फसवताय? टक्क जाग्या आहात तुम्ही."

मीही हसणार होते, पण हात आपोआप त्या पट्टीवर गेला. एवढीशी पट्टी त्या दिवशी माझ्या कपाळाला असती, तर सिस्टरला बोट दाखवायला कुणी सापडलं नसतं.

"जागी हाय," मी म्हणाले. "तवाबी होते."

मॅडमना ते उमगलं नाही. तरी त्या थांबल्या, सुरू करू का म्हणून विचारलं, आणि मी मान हलवल्यावरच औषध सुटलं.

शुद्धीवर आले तेव्हा काम झालं होतं. मला कणभर कळलं नव्हतं, या वेळी खरोखरच. नर्स माझी मूठ सोडवत होती, चादरीचं टोक आत आवळलेलं. मी तिला विचारलं, शेजारचीला नीट झोप लागली का.

"इथं एकच टेबल आहे, आजी," ती म्हणाली, आणि चादर हळूच ओढू लागली.

मला सोडवेना.